ज्याचं त्याला आधी वाचून दाखवायचं

आमचे मालक मेलेल्या माणसालासुद्धा वाचून दाखवत.

हे मी घरात सांगायला लागलो की माझी मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढते आणि म्हणते, "बाबा, मागच्या वेळी तो माणूस नुसता आजारी होता." नव्हता. मेलेलाच होता. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातला म्हातारा शिंपी, बैठकीच्या खोलीत ठेवलेला, कपाळाला गंध, नाकात कापूस. मी मालकांची सायकल धरून दारात उभा होतो. मालकांनी चपला काढल्या, गर्दीतून वाट काढत ते प्रेताशी गेले, खिशातून कागद काढला आणि खाली वाकून त्या कानात मृत्यूची बातमी वाचली. सहाच ओळी होत्या. वाचून झाल्यावर थोडं थांबले. मग कागदाची घडी घालत शिंप्याच्या थोरल्या मुलाला म्हणाले, "दुरुस्ती काही नाही म्हणाले."

त्यांचं एक साप्ताहिक होतं. चार पानी, कन्नड, दर गुरुवारी निघणारं. मंडईच्या मागच्या गल्लीत खाली छापखाना आणि वर दोन खोल्या. मी बी.कॉम. झालो होतो आणि त्याचा उपयोग मला किंवा इतर कुणाला होण्याची चिन्हं नव्हती, म्हणून मालकांनी मला मुद्रितं तपासायला ठेवून घेतलं. वरच्या खोल्याही मलाच भाड्यानं दिल्या. म्हणजे दिवसभर माझ्या डोक्यावर मालक, आणि बाकीच्या वेळी मालकांच्या डोक्यावर मी. हाक मारताना ते माझं नाव कधीच घेत नसत. "ए बी.कॉम." म्हणत. माझ्या बायकोलाही तीच सवय लागली आणि ती अजून गेलेली नाही.

त्यांचं घर आमच्यासारखंच. पणजोबा-खापरपणजोबांनी म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात चाकरी केलेली, घरात मराठी. मराठी म्हणजे अशी, की पुण्याचा पाहुणा तिसऱ्या वाक्याला घाबरून इंग्रजीत जातो. पणजोबांची तलवार छापखान्यात ट्रेडल मशीनच्या वर आडवी टांगलेली होती. तिच्यावर आम्ही ओली प्रूफं वाळत घालत असू. कुणी विचारलं तर मालक म्हणत, "तिनं आजवर केलेलं हे सगळ्यात कामाचं काम."

नियम एकच. ज्याच्याविषयी छापायचं, त्याला आधी वाचून दाखवायचं. चांगलं असो, वाईट असो. नगरपालिकेच्या सभासदानं गटाराची फरशी स्वतःच्या अंगणात घातली, तर मालक त्याच अंगणात, त्याच फरशीवर उभे राहून त्याला ती बातमी वाचून दाखवत. तो शिव्या देई. मालक विचारत, "हे तुमचं म्हणणं समजू का? शेवटी घालतो." आणि खरोखर घालत, सौम्य करून. एका हॉटेलवाल्यानं शिळ्या सांबाराची बातमी ऐकता ऐकता त्यांच्यापुढे इडलीची बशी आणून ठेवली. मालकांनी इडली खाल्ली, हात धुतले आणि बातमीत एक ओळ वाढवली, "इडली मात्र ताजी होती."

"तोंडावर वाचायचं धैर्य नसेल तर पाठीमागे छापायचा अधिकार नाही," असं त्यांचं म्हणणं. मला ते फार पटे. अर्थात वाचायला ते जात, मी सायकल धरत असे.

दुसरी एक खोड होती. लहानपणापासून छपाईचे खिळे जुळवल्यामुळे त्यांना उलटं, आरशातल्यासारखं अक्षर सुलट अक्षरापेक्षा भराभर वाचता येई. कचेरीत गेले की साहेबाच्या टेबलावरचा कागद ते समोर बसून उलट्या बाजूनं वाचून टाकत. म्हैसुरातले निम्मे कारकून त्यांना पाहिलं की कागदावर हात पसरून बसत. न्हाव्याकडे तर ते समोरच्या आरशात मागच्या गिऱ्हाइकाच्या हातातला पेपर वाचत आणि मध्येच ओरडत, "पान उलटा की हो!"

तर अशा माणसाकडे एक दिवस टपालानं एक जाड पाकीट आलं.

मालकांनी ते उघडलं, आतले कागद बाजूला काढले आणि सगळ्यात आधी पाकीट पेटवलं. आम्ही बघतच राहिलो. राख चुरडून म्हणाले, "अक्षर कुणाचं ते मी ओळखलं. ही माझी चूक झाली. तुमच्याकडून तरी ती होऊ नये." पुढे पोलिसांनी विचारलं, कोर्टानं विचारलं, खुद्द त्यांच्या भावानं विचारलं. ते नाव त्यांनी कधीही उच्चारलं नाही. मलाही ठाऊक नाही, आणि एवढी एक गोष्ट मला ठाऊक नसल्याचा मला अभिमान आहे.

कागद लष्कराचे होते. वर शिक्के, गुप्त. प्रकरण असं, की जवळच्या येलवाल गावचा एक तरुण शिपाई हातगोळे फेकण्याच्या सरावात मेला होता. गोळा हातातच फुटला. शेजारी वरुणा गावचा दुसरा एक शिपाई होता, त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. येलवालच्या मुलाच्या आईला, गौरम्माला, सरकारी पत्र आलं होतं की तुमचा मुलगा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मेला आणि त्यात सहकारीही जखमी झाला. पत्राची बातमी आम्हीच दोन महिन्यांपूर्वी छापली होती. अर्थात गौरम्माला वाचून दाखवून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, "माझा पोरगा दुधाची चरवीसुद्धा दोन हातांनी धरायचा."

आणि आता हा चौकशीचा मूळ अहवाल सांगत होता, की मुलाची चूक नव्हती. गोळ्यांची ती सगळी खेप खराब होती, वात वेळेआधी जळत होती. त्याआधी दोनदा तक्रार झाली होती. खेप यथावकाश परत घ्यावी, तोवर सरावासाठी वापरावी, असा शेरा होता. 'यथावकाश' या शब्दावर मालकांनी बोट ठेवलं आणि ते बराच वेळ काढलं नाही.

मी म्हणालो, "मालक, हे लष्कराचं आहे. गुपित आहे. जेल होते याला."

"होते की."

"बायकोला सातवा महिना आहे," मी म्हणालो.

"मग तू जेलात जाऊ नकोस. मुद्रित मात्र नीट तपास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या थोरल्या भावाला बोलावलं. ते निवृत्त सुभेदार. दोघांत सहा वर्षांचं अंतर आणि सगळ्या बाबतीत मतभेद. सुभेदारांची पाठ अशी ताठ, की खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीतच नसावं. कागद पाहताच ते उभे राहिले.

"तम्मा," धाकट्या भावाला ते अशीच हाक मारत, "हे तू बघितलंस?"

"बघितलं, अण्णा."

"मग आता परत पाकिटात घाल आणि पाठवून दे."

"पाकीट जाळलं."

"अय्यो!" सुभेदार खाली बसले. मग त्यांचा आवाज चढला. "फौजेचा कागद फौजेत राहतो. तीस वर्षं मी तिथं भाकरी खाल्ली. आज हा छापशील, उद्या दुसरा कोणी नकाशा छापेल."

"नकाशा मी छापणार नाही. अण्णा, लपवलेलं दोन जातींचं असतं. एक शत्रूपासून लपवलेलं. ते मी मेलो तरी छापणार नाही. दुसरं त्या बाईपासून लपवलेलं. ते छापणार."

"कुठलं कुठल्या जातीचं, हे ठरवणारा तू कोण रे? खिळे जुळवणारा!"

"म्हणून तर तुला बोलावलं," मालक म्हणाले आणि त्यांनी माझ्या कानावरची लाल पेन्सिल काढून भावापुढे ठेवली. "तू खोड."

सुभेदारांनी पेन्सिलीकडे असं पाहिलं की जणू ती फुटणार आहे. "मी हात लावणार नाही. माझी संमती नाही."

"संमती कोण मागतंय? मी छापणारच आहे. तू खोडलं नाहीस तर सगळं छापीन."

ती दुपार मी कधी विसरणार नाही. दोन भाऊ एका टेबलाशी, मध्ये तो अहवाल, आणि एकेका ओळीवरून भांडण. पलटणीचं नाव, काट. कोठार कुठे आहे, काट. गोळे किती शिल्लक, काट. अधिकाऱ्यांची नावं. इथे मालक अडले, "हे तर हवंच!" सुभेदार म्हणाले, "सही करणारा ज्याच्या हुकमानं सही करतो त्याचं नाव या कागदात नाही. मग याला एकट्याला फासावर देणार?" मालकांनी विचार केला आणि स्वतःच काट मारली. वातीची बनावट कशी, हे सुभेदारांनी इतकं खोडलं की कागद फाटला. खालून कॉफी तीनदा आली आणि तीनदा थंड झाली.

शेवटी एक ओळ उरली. खराब खेपेचा नंबर.

"काट," सुभेदार म्हणाले.

"नाही."

"तम्मा, आपल्या कोठारात काय सडलंय ते शत्रूला कळेल."

"शत्रूला कळलं तर तो हसेल. आपल्या पोराला नाही कळलं तर तो मरेल. आज या घडीला त्याच पेटीतला गोळा कुणाच्या तरी हातात असेल."

सुभेदारांनी काट मारली. मालकांनी ती खोडरबरानं पुसली. सुभेदारांनी पुन्हा मारली. पन्नाशी उलटलेली माणसं ही. शेवटी सुभेदार पेन्सिल खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "आज तुझ्याशेजारी मी बसलोय. उद्या असा कागद दुसऱ्या कुणाच्या हातात पडेल. त्याला विचारायला अण्णा नसेल. मग?"

मालकांनी खोडरबर खिशात टाकलं आणि म्हणाले, "नंबराचं गौरम्मा ठरवेल. मूल तिचं आहे."

येलवालला आम्ही तिघं बसनं गेलो. सुभेदार येणार नव्हते. निघायच्या वेळी मात्र पदकं लावलेला कोट घालून आले. गौरम्मा गोठ्यात होती. हात धुऊन आली, पदर सारखा करून ओट्यावर बसली. अहवाल इंग्रजीत, मालकांनी एकेक वाक्य कन्नडमध्ये करून वाचलं. 'शिपायाची चूक आढळत नाही' हे वाक्य आलं तेव्हा तिनं हात वर केला. मालक थांबले. थोड्या वेळानं हात खाली केला, म्हणजे आता पुढे वाचा.

वाचून झाल्यावर मालकांनी तिला नंबराचा वाद समजावून सांगितला. सुभेदारांचं म्हणणंही प्रामाणिकपणे सांगितलं, त्यांनी स्वतः सांगितलं असतं त्याहून चांगलं.

गौरम्मा म्हणाली, "मागच्या साली गाईंच्या खाद्याची एक खेप वाईट आली होती. त्या पोत्यांचा नंबर दूध सोसायटीच्या फळ्यावर तीन दिवस होता. ज्याच्या घरी ते पोतं, त्यानं बाजूला ठेवलं. पोरांसाठी असा फळा नाही का तुमच्यात?"

हे तिनं सुभेदारांना विचारलं. सुभेदार पदकांकडे पाहत राहिले.

मग ती मालकांना म्हणाली, "सगळ्या गावाला ऐकवा न ऐकवा, मला फक्त एका माणसाला ऐकवायचं आहे." हात गेलेल्या मुलाचा बाप, शिवण्णा. तो वरुणाहून एकदा तिच्या दारात आला होता. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. "तुझ्या पोरानं माझ्या पोराचा हात खाल्ला," एवढं बोलून गेला होता. तेव्हापासून गौरम्मा संध्याकाळी त्या दाराबाहेर बसत नसे, मागच्या बाजूला बसे.

संध्याकाळच्या बसनं परतलो. छापखान्यात आल्यावर सुभेदारांनी माझ्या कानावरची पेन्सिल मागितली आणि त्या खोडलेल्या ओळीखाली एकेक करून टिंबं दिली. काट रद्द करण्याची ही आमच्या धंद्यातली खूण. त्यांना मीच आदल्या दिवशी शिकवली होती. टिंबं देऊन झाल्यावर म्हणाले, "संमती अजूनही नाही." आणि निघून गेले.

वरुणाला मात्र आमची डाळ शिजली नाही. शिवण्णा ऊस तोडत होता. मालक बांधावर उभे राहून वाचू लागले तर तो कोयता चालवतच राहिला. चार ओळींनंतर म्हणाला, "छापखानेवाले, कागद तुमचा, शाई तुमची. तुम्ही काय वाटेल ते छापाल. मला पत्र सरकारनं दिलंय. सरकारनं सांगितलं की चूक नव्हती, तर ऐकीन."

"सरकारचाच कागद आहे हा."

"मग सरकारनं वाचावा."

मालक परत आले ते सायकल हातात धरून, पायी. सायकल मी धरलेली नाही असा तो एकच प्रसंग. मी मागून पायी चालत होतो.

आता नियमाप्रमाणे एकच वाचन राहिलं होतं, आणि त्यासाठी मी हात जोडले. "मालक, ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांनाच वाचून दाखवलंत तर ते छापूच देणार नाहीत! एवढ्या वेळी नियम सोडा. कोण विचारतंय?"

"मी विचारतो," मालक म्हणाले. "शिळ्या सांबारवाल्याला तोंडावर सांगायचं आणि फौजेला पाठीमागे? मग मी सांबारवाल्यापेक्षा भित्रा झालो."

त्यांनी ट्रंककॉल लावला. ज्या कचेरीतून गौरम्माला पत्र आलं होतं तिथल्या मोठ्या साहेबाला. साहेब फोनवर आला, मालकांनी नाव सांगितलं, वृत्तपत्राचं नाव सांगितलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं मिनिटभर साहेबाला वाटलं असावं की कुणी अर्ज वाचतंय. तीन मिनिटं झाली तेव्हा एक्सचेंजच्या बाई मध्ये आल्या. मालक म्हणाले, "अम्मा, अजून अकरा ओळी आहेत." बाई म्हणाल्या, "वाचा, मी ऐकतेय." नंबराची ओळ आली तसा साहेब काहीतरी मोठ्यानं म्हणाला आणि फोन आपटला. मालकांनी बातमीखाली शेवटची ओळ लिहिली, "संबंधित अधिकाऱ्यांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी फोन ठेवला."

गुरुवारी सकाळी पोलीस आले.

इन्स्पेक्टर आमच्याच भागातला, सभ्य माणूस. लेखी हुकूम होता. मूळ कागद, नकला, प्रूफं ताब्यात घ्यावीत. मालकांनी ड्रॉवर उघडून अहवाल दिला. शिपायांनी तलवारीवरची वाळणारी प्रूफं उतरवली. आता माझी मर्दुमकी सांगतो. मी एक प्रूफ वर तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. इन्स्पेक्टरनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी धावत जिना चढून ते घेऊन आलो. तांदूळही थोडे आले. बायको वरून म्हणाली, "बी.कॉम., डबाच द्यायचा होता सबंध."

इन्स्पेक्टर निघाला आणि दाराशी थबकला. दगडी मेजावर पानाचा फर्मा बांधून तयार होता, शिशाचे खिळे, ओळीमागून ओळी. "हे काय आहे?"

मी म्हणणार होतो की ते लग्नपत्रिकेचं काम आहे. पण मालक खोटं बोलत नसत, फार गैरसोयीचा माणूस. म्हणाले, "तेच आहे. पहिलं पान."

इन्स्पेक्टर वाकला. उलटी अक्षरं, शाईनं काळी. डोळे बारीक केले, मान वाकडी केली. "काही समजत नाही."

"वाचून दाखवू?"

त्यानं घड्याळात पाहिलं. मग टोपी काढली. "वाचा."

मालकांनी फर्म्यावर बोट ठेवलं आणि उलट्या शिशातून सुलट वाचायला सुरुवात केली. घसा साफ न करता, सावकाश, प्रेताच्या कानात वाचत तसं. दोन्ही जुळारी काम थांबवून उभे राहिले. हातात प्रूफं धरलेले शिपाईही. 'शिपायाची चूक आढळत नाही' इथे मालक आपोआप थांबले, गौरम्मासाठी थांबले होते तेवढंच. मग नंबर वाचला. मग साहेबांनी फोन ठेवला, हेही वाचलं.

इन्स्पेक्टरनं टोपी घातली, खिशातून हुकूम काढून पुन्हा एकदा वाचला. म्हणाला, "कागद लिहिलंय. नकला लिहिलंय. शिशाचं काही लिहिलेलं नाही." आणि शिपायांना म्हणाला, "आयतु, चला." म्हणजे झालं काम.

दुपारपर्यंत अंक गावात होता.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. दोन दिवसांनी नवा हुकूम आला, त्यात शिसंही होतं. छापखान्याला सील लागलं, मालकांना जामीन मिळायला महिना गेला. गल्लीतल्या लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. फौजेचे गणवेश शिवणाऱ्या एका शिंप्यानं तर माझी अर्धी शिवलेली पॅन्ट परत केली, एक पाय लावलेला, एक सुटा. माझी मुलगी त्याच काळात जन्मली. खाली सील, वर पाळणा. मालक जामिनावर सुटून आले आणि पाळण्याशी वाकून तिच्या कानात काहीतरी वाचलं. काय ते सांगेनात. म्हणाले, "तिच्याविषयीचं होतं. तिला वाचून दाखवलं."

सुभेदारांच्या कुठल्याशा जुन्या सोबत्यानं सांगितलं की त्या नंबराच्या पेट्या सगळीकडून परत गेल्या. छापण्यासारखी बातमी, आणि छापखान्याला कुलूप.

खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी मागणी केली की दारं बंद करून चालवावा, मजकूर गुप्त आहे. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "या मजकुरात मंडईत भुईमुगाच्या शेंगा बांधून मिळतात. दारं कशाला लावायची?" दारं उघडी राहिली. बाकांवर गर्दी होती. पुढे सुभेदार, पदकांसकट. मागे येलवालची माणसं, मध्ये गौरम्मा. आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, शिवण्णा. गौरम्मानं त्याला निरोप धाडला होता, "सरकार बोलणार आहे, या." आला होता. बसला मात्र नव्हता.

गुन्हा सिद्ध करायचा तर काय छापलं ते कोर्टापुढे यायला हवं. सरकारी वकिलांनी आमचा अंक हातात घेतला आणि सरकारच्या वतीनं, खणखणीत आवाजात, पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली.

मालक आरोपीच्या पिंजऱ्यात डोळे मिटून ऐकत होते. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्या मुलाचं नाव आलं तेव्हा सुभेदार उठून सावधान उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसले नाहीत. 'शिपायाची चूक आढळत नाही' हे वाक्य वकिलांनी जरा जास्तच जोरात वाचलं, कारण त्यांच्या मते गुन्हा तिथेच होता. पुढे नंबर. पुढे फोन ठेवला. वकील खाली बसले.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्ही छापलंत?"

"हो."

"त्याबद्दल खेद वाटतो?"

मालकांनी डोळे उघडले. "हो. नवव्या ओळीत एक खिळा उलटा बसला आहे. मुद्रितं तपासणाऱ्याच्या घरी बाळंतपण जवळ आलं होतं. वाचकांची क्षमा मागतो."

सगळं कोर्ट वळून माझ्याकडे पाहू लागलं. नववी ओळ माझीच होती. त्या दिवशी मला शिक्षा झाली असती तर मी ती मान्य केली असती. मालकांना झाली ती कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची. बाकीची ते भोगून आलेच होते.

पण ते नंतर. त्या क्षणी सगळे माझ्याकडे पाहून हसत असताना गौरम्मा उठली. ती न्यायाधीशांकडे वळली नाही, मालकांकडे वळली नाही. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि शिवण्णापुढे उभी राहिली. कन्नडमध्ये एकच शब्द म्हणाली.

"केळिद्रा?"

ऐकलंत?

शिवण्णानं खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी करून काखेत धरलं. मग बाकावरची दोन माणसं सरकवली आणि तिला बसायला जागा करून दिली. ती बसली. मग तोही बसला, तिच्या शेजारी.